पंचनाम्यावर बाईची सही का नाही?

मैत्रिणींनो, आधी कबुली देऊन टाकते. मी रहस्यकथा वाचते. चोरून नाही, उघड वाचते. एसटीत वाचते, कोर्टाबाहेर तारखेची वाट बघत वाचते, रात्री घरातली निजानीज झाली की वाचते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना जी जाड जाड पुस्तकं वाचली त्यांचं ऋण आहेच. पण माणूस सांगतो एक आणि घडलेलं असतं दुसरंच, हे मला त्याच्याही आधी शिकवलं ते मामाच्या ट्रंकेतल्या, मुखपृष्ठं गळालेल्या अर्नाळकरांनी.

आज हे लिहायचं कारण एक यादी. आमच्या संस्थेच्या छोट्या वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायची होती. मी यादी केली. तिच्यात आत्मचरित्रं होती, कायद्याच्या पुस्तिका होत्या, आरोग्याची पुस्तकं होती. शेवटी बाबुराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर, शेरलॉक होम्स, अगाथा ख्रिस्ती आणि फेलूदा अशी पाच-सात नावं होती. आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी नेमक्या त्या शेवटच्या नावांवरून पेन फिरवला. म्हणाल्या, "अगं, बायांना आत्मभान यायला हवं. खून-मारामाऱ्या कसल्या वाचायला देतेस? पैसे थोडे आहेत."

पैसे थोडे आहेत हे खरं. ताईंचा शब्द मी एरवी मोडत नाही. पण या एका बाबतीत मला भांडायचं आहे, आणि ते चार भिंतींत न भांडता या पानांवर भांडायचं आहे. कारण प्रश्न पाच-सात पुस्तकांचा नाही. संशय घ्यायचा, प्रश्न विचारायचा, पुरावा वाचायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न आहे.

ताईंच्या बाजूनं जे बोलता येईल ते आधी मीच बोलते. आपल्या मराठी रहस्यकथेनं बाईला काय दिलं? अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. अर्नाळकर १९९६ साली गेले. गुरुनाथ नाईकांनीही ढिगानं लिहिलं. पुढे शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद आले. या सगळ्या फौजेत तपास करणारी, स्वतःच्या डोक्यानं कोडं सोडवणारी बाई शोधायला गेलं तर वाचकालाच हेर व्हावं लागतं. बाई आहे, पण ती तीन प्रकारची. एक मेलेली, दुसरी फसवणारी, तिसरी वाचवायची. पहिली पहिल्या प्रकरणात जमिनीवर पडलेली असते. दुसरीच्या हातात पेला असतो. तिसरी शेवटच्या प्रकरणात नायकाच्या खांद्यावर डोकं ठेवते. अशोक जैन यांच्या भाषांतरामुळे सत्यजित राय यांचा फेलूदा मराठी घरांत आला. भाषा स्वच्छ, हिंसेचं भांडवल नाही, मुलांच्या हाती निर्धास्त द्यावा असा. पण त्याच्या पस्तीसेक गोष्टींत बायका जवळजवळ नाहीतच! राय यांनी त्या मुलांच्या मासिकासाठी लिहिल्या, म्हणून असं झालं म्हणतात. म्हणजे मुलांसाठीचं स्वच्छ जग उभं करायचं तर आधी त्यातून बायका काढून टाकायच्या?

तेव्हा माझी तक्रार ताईंपेक्षा कमी नाही. फरक इतकाच की ताई म्हणतात वाचू नका, आणि मी म्हणते नीट वाचा. वरवरची कथा ही खरी कथा नसते, ही रहस्यकथेचीच शिकवण आहे. ती आपण रहस्यकथेवरच चालवून पाहू.

होम्सच्या गोष्टी घ्या. भालबा केळकरांनी त्या मराठीत आणल्या आणि शाळकरी वयात आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्या वाचल्या. आपल्याला आठवतो तो त्याचा पाइप, त्याचं भिंग, कुत्रा आणि साप. आता पस्तिशीत, कौटुंबिक हिंसाचाराच्या शे-दीडशे केसेस पाहिल्यावर मी त्या परत वाचल्या आणि थक्क झाले. पट्ट्यापट्ट्यांच्या सापाची ती १८९२ सालची गोष्ट, 'द स्पेकल्ड बँड', सापाची नाहीच. आईनं मागं ठेवलेल्या पैशांतून मुलींची लग्नं झाली की त्यांचा वाटा द्यावा लागणार, म्हणून सावत्र बाप एका मुलीला मारतो आणि दुसरीच्या मागं लागतो. 'ए केस ऑफ आयडेंटिटी' ही दुसरी गोष्ट. त्यात सावत्र मुलीचं उत्पन्न घरातून जाऊ नये म्हणून बाप स्वतःच वेषांतर करून तिचा प्रियकर होतो आणि ऐन लग्नाच्या दिवशी नाहीसा होतो. मुलगी जन्मभर वाट बघत बसेल, दुसरं लग्न करणार नाही, हा हिशेब! आमच्या तालुक्यात बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना, विधवेचं नाव सातबाऱ्यावर चढू न देताना जे चालतं त्याच जातीचं हे काम. आणि होम्स काय करतो? सत्य त्याला कळतं, पण तो ते त्या मुलीला सांगत नाही. तिचा विश्वास बसणार नाही, असं तो परस्पर ठरवून टाकतो. ज्या बाईनं दार ठोठावून न्याय मागितला तिलाच उत्तर मिळत नाही. लहानपणी वाचताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता ते वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे तालुक्यातल्या कितीतरी कचेऱ्यांचे व्हरांडे उभे राहतात.

त्याच होम्सच्या आणखी एका गोष्टीत आगगाडीच्या खिडकीतून रानातली सुटी सुटी घरं बघून डॉक्टर वॉटसन हरखून जातो. होम्सला मात्र त्या घरांची धास्ती वाटते. शहरात मार खाणाऱ्याची किंकाळी शेजारी ऐकतो, इथे कोण ऐकणार, असं त्याचं म्हणणं. नेवासा तालुक्यातली उसाच्या फडांमधली वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गावापासून दोन किलोमीटर आत, चहूबाजूंनी ऊस, आणि घरात सासू, सासरा, नवरा, दीर. तिची हाक ऐकायला आहे कोण?

आता अगाथा ख्रिस्तीकडे येते, कारण तिनं एक मोठी गोष्ट केली. १९३० च्या कादंबरीपासून तिची मिस मार्पल वाचकांपुढे ठसठशीत उभी राहिली. ही म्हातारी अविवाहित बाई खेडेगावात राहते, विणकाम करते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे लक्ष ठेवते. तिची रीत साधी आहे. कुठलाही मोठा गुन्हा समोर आला की तिला गावातला एखादा छोटा लबाड आठवतो, आणि माणसाचा स्वभाव इथूनतिथून सारखा, या हिशेबानं ती गुन्हेगारापर्यंत पोचते. आपल्याकडे या कामाला नाव आहे 'बायकांच्या चांभारचौकश्या'. या शिवीत जात आणि बाई दोघांचा अपमान एकदमच होतो. पुरुषानं केलं की तपास, बाईनं केलं की चौकश्या! मिस मार्पलनं त्या चौकश्यांना ज्ञानाचा दर्जा दिला. म्हणून ती मला वाचनालयात हवी आहे.

पण सगळ्यांत जास्त मला हवी आहे ती एक छोटी अमेरिकन गोष्ट. सुसान ग्लास्पेल नावाची तरुणी आयोवा राज्यात वार्ताहर होती. झोपेत मारल्या गेलेल्या एका शेतकऱ्याच्या खुनाचा खटला चालला, बायकोवर आरोप होता, आणि त्याच्या बातम्या तिनं दिल्या. पुढे १९१६ साली तिनं त्यावर नाटिका लिहिली आणि १९१७ साली कथा. कथेत शेरीफ आणि सरकारी वकील घरभर पुरावा शोधत फिरतात. बरोबर आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. पुरुष म्हणतात, इथे काय आहे, भांडी तर आहेत! त्या दोघी मात्र वाचत जातात. अर्धवट पुसलेलं टेबल. अर्धी शिवलेली गोधडी. तिचे सगळे टाके एकसारखे, आणि एका तुकड्यावर अचानक वेडेवाकडे. शिवणाच्या पेटीत मान मुरगळलेला पाळीव पक्षी. त्या घरात वर्षानुवर्षं काय चाललं होतं ते या दोघींना टाक्यांवरून कळतं. वर-खाली जिने चढणाऱ्या पुरुषांना शेवटपर्यंत कळत नाही. कथेच्या नावाचा अर्थ 'तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी'. त्या काळी त्या राज्यात बायकांना ज्युरीवर बसता येत नव्हतं.

वेडावाकडा टाका हा पुरावा होऊ शकतो का, असं कुणी विचारेल. आम्हा नेवासेकरांना तरी हे विचारू नये. १९५० च्या दशकात डॉ. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेच्या काठी इथे उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. एका मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांना दोऱ्याचे तंतू चिकटून राहिले होते. त्या तंतूंवरून तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं कशाचा दोरा वापरत होती हे अभ्यासकांनी शोधून काढलं. तीन हजार वर्षांपूर्वीचा दोरा वाचता येतो, पण काल मेलेल्या बाईच्या घरातली चूल वाचता येत नाही?

आता मी जिथे यायचं होतं तिथे येते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एका वस्तीवरची पंचविशीतली सून विहिरीत सापडली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्यात आलं की पाणी आणायला गेली असता पाय घसरून विहिरीत पडली. मी दहाव्यानंतर तिथे गेले. शेजारच्या वस्तीवर दोघीतिघी जणी भाकरी थापत होत्या. मी काही विचारायच्या आधीच एक म्हणाली, "पानी आनाया गेली म्हनत्यात. मंग हंडा कुठं व्हता? हंडा तर घरातच व्हता." दुसरी म्हणाली, "वस्तीवर टाकी हाये. मोटर लावली की भरती. हिरीचं पानी शेंदून दोन वर्सं झाली." तिसरी, जरा वयस्कर, खाली बघतच बोलली, "काठवटीत पीठ मळून ठेवलेलं. तवा चुलीवं. पीठ मळून कोन बाई हिरीवं जाती?"

हंडा, टाकी, काठवट. तीन बायका, तीन प्रश्न. कुठल्याही रहस्यकथेत इथून दुसरं प्रकरण सुरू झालं असतं. आमच्याकडे फाइल बंद झाली होती. पंचनाम्याला दोन पंच होते. दोघे पुरुष, त्यातला एक नवऱ्याच्या भावकीतला. ते विहिरीच्या काठाशी उभे राहिले आणि सही करून निघून गेले. चुलीपर्यंत कुणी गेलंच नाही. मी त्या वयस्कर बाईंना विचारलं, "मावशी, हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाई. आन इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं का, त्ये बी ठावं न्हाई. हितंच ऱ्हायाचंय, बाई."

तो खून होता असं मी म्हणत नाही. आत्महत्या असेल. खरोखर पाय घसरला असेल. मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. माझं दुखणं तेच आहे.

ज्यांना वाटतं की हे जुन्या काळचं झालं, त्यांनी आकडे पाहावेत. २०२२ या एका वर्षात देशभरात हुंडाबळीचे सहा हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. हे नोंदले गेलेले. पाय घसरलेल्या, स्टोव्ह भडकलेल्या, चुकून औषध प्यायलेल्या यात नाहीत.

आपल्या चळवळीचा जन्मच मुळी अशा न सुटलेल्या रहस्यांतून झाला आहे, हे आपण विसरलो की काय? १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत मरण पावली. सायनाइडनं मृत्यू झाला होता. माहेर बीडचं. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, त्यांत तिची घुसमट होती. खालच्या न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही म्हणून संशयाचा फायदा दिला आणि त्याची निर्दोष मुक्तता झाली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याची पाच तत्त्वं या निकालात सांगितली. त्यांना 'पंचशील' म्हणतात आणि आजही वकील ती रोज सांगतात. पुण्यात नारी समता मंचानं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवलं. हजारो बायकांनी ते बघितलं आणि कितीजणी तिथेच बोलत्या झाल्या. १९८३ आणि १९८६ च्या कायदे-दुरुस्त्यांमागे देशभरातल्या अशा अनेक मृत्यूंचा आक्रोश होता.

त्या पंचशीलाशी माझं भांडण नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यातल्या काहीजणी रागाच्या भरात म्हणतात की पुरावा-बिरावा सोडा, नवरा दोषीच. असं म्हणून चालणार नाही. नुसत्या संशयावर शिक्षा व्हायला लागली तर आधी कोण मरेल? आमच्या जिल्ह्यातल्या पारध्यांच्या पालांवर जाऊन विचारा. इंग्रजांनी १८७१ साली ज्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या तो कायदा १९५२ साली गेला, पण कुठे चोरी झाली की पहिली गाडी अजून पालावरच जाते. आणि याच तालुक्यातल्या सोनईत जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुण मारले गेले, तेव्हा पहिली खबर काय होती? एकजण सेप्टिक टँकमध्ये पडून मेला, अपघात. मागे होतं वरच्या जातीतल्या मुलीशी असलेलं प्रेम. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. ती अपघाताची खबरच प्रमाण मानली असती तर?

संशय कुणावर घ्यायचा आणि कुणावर नाही, हे आपल्याकडे जात आणि घराणं ठरवतं. पालावर संशय ताबडतोब, वाड्यावर कधीच नाही. ज्या शनिशिंगणापूरचं, घरांना दारं नसलेलं गाव म्हणून जगभर कौतुक झालं, तेही आमच्याच तालुक्यात. तिथे २०११ साली बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली, त्याच्या बातम्या झाल्या. पण चौथऱ्यावर बाईनं पाऊल ठेवायला २०१६ साल उजाडावं लागलं, आणि तेही २००० सालापासूनच्या आंदोलनांनंतर, उच्च न्यायालयानं कान उपटल्यावर. दार नसलं म्हणजे घरातलं बाहेर दिसतं, असं थोडंच आहे?

म्हणून मला पुरावा कमी नको आहे, जास्त हवा आहे. ग्लास्पेलच्या कथेतल्या बायका तो मेलेला पक्षी लपवतात. त्यांच्या जगात त्यांना दुसरी वाट नव्हती. मला काही लपवायचं नाही, मला तो टेबलावर मांडायचा आहे. आणि मांडायची वाट कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या १७४ कलमाच्या जागी तिचं १९४ कलम आलं. अकस्मात मृत्यू झाला की पोलिसांनी परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करायचा, असं जुनं कलम सांगत होतं, नवंही सांगतं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिच्या मरणाबद्दल संशयाला जागा असली, तर शवविच्छेदनाला पाठवायचं, हेही त्यातच आहे. मैत्रिणींनो, हे कलम पुन्हा पुन्हा वाचा. त्यात 'रहिवासी' आहे, 'पुरुष' नाही! मग इतकी वर्षं पंच म्हणून पुरुषच का उभे राहतात? तर गावात प्रतिष्ठित म्हटलं की फेटा किंवा टोपीच डोळ्यांपुढे येते म्हणून. जी बाई त्या घरात पीठ मागायला जाते, जिला तिच्या बांगड्या किती हे माहीत आहे, जिनं रात्रीचा आवाज ऐकला आहे, ती प्रतिष्ठित नाही?

तर माझं मागणं असं. बाईचा संशयास्पद मृत्यू झाला की पंचनाम्याला किमान एक बाई पंच असलीच पाहिजे, आणि ती सासरच्या भावकीबाहेरची असली पाहिजे. मृत्यू विहिरीत झाला असला तरी स्वयंपाकघर पाहिलं पाहिजे, त्याची नोंद आणि फोटो झाले पाहिजेत. शेजारणींचे जबाब घेतले पाहिजेत, आणि ते सासरच्या अंगणात घेता कामा नयेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. पोलीस ठाण्यांना एक लेखी सूचना पुरते. आपण प्रत्येक तालुक्यात निवेदन देऊ, पण निवेदन देऊन घरी बसायचं नाही. पंच व्हायला तयार असलेल्या बायकांची यादी गावागावांत आपल्यालाच करावी लागेल. पंच झालं की पुढे साक्षीला जावं लागतं, मजुरी बुडते, भावकीचा राग येतो. मावशी म्हणाल्या तसं, इथेच राहायचं असतं. एकटीला ते झेपणार नाही. दहाजणींची यादी असेल, मागे संघटना असेल, तर झेपेल.

आणि या तयारीसाठीच, ताई, मला ती पाच-सात पुस्तकं हवी आहेत. बचत गटाच्या बैठकीत मी होम्सची ती सापाची गोष्ट एकदा तोंडी सांगितली. मध्येच थांबून विचारलं, कुणी मारलं असेल? क्षणभर शांतता. मग मागून एकजण म्हणाली, "आधी हे सांगा, जमीन कुनाच्या नावावं व्हती?" ती बाई कधी शाळेत गेलेली नाही. ताई, आत्मभान याहून वेगळं असतं का?

राहता राहिले आपले लेखक. त्यांना एवढंच म्हणायचं आहे की पहिल्या पानावर आमचं प्रेत टाकणं आता पुरे झालं. आणि आपल्यातल्या लिहित्या मैत्रिणींनो, तुम्ही तरी का थांबलात? मराठीतली मिस मार्पल कुठल्या बंगल्यात सापडायची नाही. ती वस्तीवर भाकरी थापते आहे, तिनं काठवटीतलं पीठ पाहिलं आहे, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

यादी मी परत पाठवते आहे. खोडलेली नावं पुन्हा लिहून.